‘द टाइम्स ऑफ हार्वे मिल्क’: पाहण्याआधी आणि पाहिल्यावर पडणारे प्रश्न

हा माहितीपट कुणाला सुचवला की ठरावीक प्रश्न येतात. पाहण्याआधी वेगळे, पाहून झाल्यावर वेगळे. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कथेचा शेवट लपवलेला नाही, कारण माहितीपटही तो लपवत नाही. पहिल्या काही मिनिटांतच दोन खुनांची बातमी जाहीर होते.

हा माहितीपट कोणाबद्दल आहे?

हार्वे मिल्क या सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकप्रतिनिधीबद्दल. जन्म २२ मे १९३०, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ज्यू कुटुंबात. नौदलात नोकरी, मग शाळेत शिक्षक, मग वॉल स्ट्रीटवर, मधल्या काळात ब्रॉडवेच्या नाटकवाल्यांत ऊठबस. चाळिशी उलटल्यावर १९७२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत राहायला आला आणि पुढच्या वर्षी कॅस्ट्रो स्ट्रीटवर त्याने कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. आपण समलिंगी आहोत हे न लपवता त्याने निवडणुका लढवल्या, १९७७ मध्ये जिंकला, जानेवारी १९७८ मध्ये शपथ घेतली आणि त्याच वर्षीच्या २७ नोव्हेंबरला सिटी हॉलमध्ये त्याचा खून झाला.

पण या माहितीपटाला ‘एका हुतात्म्याची गोष्ट’ म्हणणं मला अपुरं वाटतं. शहराच्या राजकारणात एक नगरसेवक कसा घडतो, मतं कशी बांधतो, ज्यांना आपण आवडत नाही त्यांना कसा भेटतो, याचं इतकं बारीक चित्रण पडद्यावर क्वचितच पाहायला मिळतं.

मिल्क हा अमेरिकेतला पहिला उघडपणे समलिंगी लोकप्रतिनिधी होता का?

नाही. हे चुकीचं विधान फार ठिकाणी आढळतं. कॅथी कोझाचेन्को १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. त्याच वर्षी एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून गेल्या. दोघीही आपली ओळख न लपवता लढल्या होत्या. मिल्क कॅलिफोर्नियात पहिला ठरला. या दोघींची नावं त्याच्यापेक्षा मागे पडली, हे बोलून दाखवायलाच हवं.

मिल्क ‘सुपरवायझर’ म्हणून निवडून आला. म्हणजे नगरसेवकच ना?

जवळपास. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि जिल्हाही. त्याचा कारभार अकरा जणांचं ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ आणि महापौर मिळून पाहतात. फरक महापौरात आहे. आपल्याकडे महापौर मानाचा आणि आयुक्त कामाचा. तिथे महापौराला मतदार थेट निवडतात आणि खरे अधिकार त्याच्याच हाती असतात. बोर्डावर जागा रिकामी झाली तर ती भरण्याचा अधिकारही त्याचाच. हा एक अधिकार लक्षात ठेवा, कारण खुनाची कथा त्याच्याभोवतीच फिरते.

तीन वेळा हरलेला उमेदवार चौथ्या वेळी कसा जिंकला?

माझ्या मते माहितीपटाचं मर्म या प्रश्नात आहे.

१९७३ मध्ये मिल्क पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला पैसा नव्हता, पक्षाचा पाठिंबा नव्हता आणि शहरातले प्रस्थापित समलिंगी पुढारीही त्याच्यावर नाराज होते. त्यांचं धोरण होतं ते उदारमतवादी पुढाऱ्यांशी दोस्ती ठेवून हळूहळू सवलती मिळवण्याचं. मिल्कचं म्हणणं होतं की मित्रांनी आपल्यासाठी बोलावं म्हणून थांबू नये, आपला माणूस आपणच निवडून आणावा. तो हरला. १९७५ मध्ये पुन्हा हरला, पण सहा जागा होत्या आणि तो सातवा आला. १९७६ मध्ये नवे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्याला एका अपील मंडळावर नेमलं. काही आठवड्यांतच त्याने राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवण्याचं जाहीर केलं आणि ते पद गेलं. ती निवडणूकही तो हरला.

दरम्यान त्याने जमवलेली माणसं मात्र टिकली. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेचा कूर्स बिअरवर बहिष्कार चालू होता. संघटनेचे ॲलन बेअर्ड मिल्ककडे आले: समलिंगींच्या बारमधून कूर्स हटवता येईल का? मिल्कने ते करून दाखवलं आणि बदल्यात मागितलं एवढंच की संघटनेने समलिंगी चालकांना नोकऱ्या मिळवून द्याव्यात. मिळाल्या. त्या काळी कामगार संघटना आणि समलिंगी वस्ती यांना एकमेकांकडे पाहायचीही सवय नव्हती. शिवाय कॅस्ट्रो हा मुळात आयरिश कॅथलिक कामगारांचा मोहल्ला, नव्याने येणाऱ्या समलिंगी तरुणांवर तिथले जुने दुकानदार चिडलेले. मिल्कने व्यापाऱ्यांची संघटना बांधली, कॅस्ट्रो स्ट्रीटची जत्रा सुरू केली. त्या दिवशी गल्ल्यात आलेले पैसे पाहून बऱ्याच जणांचं मन बदललं.

मग निवडणुकीची पद्धत बदलली. पूर्वी सगळं शहर मिळून सगळे सुपरवायझर निवडायचं. १९७७ पासून शहराचे अकरा भाग झाले आणि प्रत्येक भाग आपला एक प्रतिनिधी देऊ लागला. चार सदस्यांचा प्रभाग की एक वॉर्ड एक नगरसेवक, या वादाने पुण्यात दर निवडणुकीला डोकी तापतात; हे का महत्त्वाचं आहे ते त्या वादाच्या माहीतगारांना लगेच कळेल. मोठ्या मतदारसंघात पैसा आणि पक्ष चालतो, लहान वॉर्डात दारोदार फिरणारा माणूस चालतो. पाचव्या विभागात सतरा उमेदवार होते, त्यांत मिल्क निवडून आला. त्याच फेरीत बोर्डावर पहिले चिनी वंशाचे निवडून आलेले सदस्य गॉर्डन लाउ आले, पहिल्या निवडून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्री एला हिल हच आल्या. आणि आठव्या विभागातून डॅन व्हाइट आला: आधी पोलीस, मग अग्निशमन दलाचा जवान, देखणा, कॅथलिक, मतदारांचा लाडका.

अकरा महिन्यांच्याही आत त्याने असं काय काम केलं?

दोन गोष्टी सगळ्यांना आठवतात. पहिली, समलिंगींना घर आणि नोकरी नाकारण्यावर बंदी घालणारा शहराचा कायदा. विरोधात एकच मत पडलं, डॅन व्हाइटचं. दुसरी, रस्त्यावर कुत्र्याने केलेली घाण मालकानेच उचलावी हा नियम. मिल्कने वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांना बागेत बोलावून त्याची सगळी माहिती दिली आणि चालता चालता स्वतःचा पाय घाणीवर ठेवला. बातमी सगळीकडे गेली. त्याला बातमी कशी होते ते ठाऊक होतं, आणि लोकांच्या रोजच्या त्रासाची कामं केल्याशिवाय मोठ्या प्रश्नावर मत मागता येत नाही, हेही ठाऊक होतं.

‘प्रपोझिशन ६’ हा काय प्रकार होता?

माहितीपटात यावर बराच वेळ दिला आहे आणि तो योग्यच आहे.

कॅलिफोर्नियात पुरेशा सह्या जमवल्या तर कायद्याचा मसुदा थेट मतदानाला ठेवता येतो. जॉन ब्रिग्ज या राज्याच्या सिनेटरने असा एक मसुदा आणला. सरकारी शाळांत समलिंगी शिक्षक नकोत. इतकंच नव्हे, समलिंगींच्या बाजूने जाहीरपणे बोलणाऱ्या शिक्षकाचीही नोकरी जाऊ शकेल, मग तो स्वतः कोणीही असो. आदल्या वर्षी फ्लोरिडात गायिका अनिता ब्रायंट यांच्या मोहिमेने समलिंगींना संरक्षण देणारा स्थानिक नियम मतदानाने रद्द करून घेतला होता आणि त्यानंतर इतर शहरांतही तेच झालं होतं. वारं त्यांच्या बाजूचं होतं. सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत ब्रिग्ज खूप पुढे होता.

माहितीपटात टीव्हीवरचा वादविवाद दिसतो. एका बाजूला ब्रिग्ज आणि त्याचा सहकारी, दुसऱ्या बाजूला मिल्क आणि प्राध्यापक सॅली गिअरहार्ट. ब्रिग्ज मुलांच्या सुरक्षिततेची भीती घालत राहतो. मिल्क आणि गिअरहार्ट आवाज न चढवता दाखवून देतात की मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत भिन्नलिंगी पुरुषच फार मोठ्या संख्येने आहेत. ब्रिग्ज आकडा मान्य करतो आणि तरीही आपलंच पुढे रेटतो. हा भाग थांबवून दुसऱ्यांदा पाहावा असा आहे.

मिल्कचं या लढ्यातलं सूत्र सोपं होतं: ओळख द्या. आईवडिलांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, दुकानदाराला सांगा. मतदाराला एक जरी समलिंगी माणूस नावानिशी माहीत असला तर त्याच्याविरुद्ध शिक्का मारताना त्याचा हात अडखळेल. हे बोलायला सोपं. घर तुटण्याची, नोकरी जाण्याची भीती खरी होती, आणि त्याने ती किंमत इतरांना मोजायला सांगितली. मला या मागणीबद्दल अस्वस्थता वाटते, आणि तरीही ती बरोबर होती असंच वाटतं. भाषणाची सुरुवात तो नेहमी एकाच वाक्याने करायचा: मी हार्वे मिल्क, आणि मी तुमची भरती करायला आलोय. समलिंगी लोक मुलांची ‘भरती’ करतात, या आरोपाला ते उत्तर होतं.

पुढे रोनाल्ड रेगनसारखा पुराणमतवादी नेताही या मसुद्याविरुद्ध बोलला. ७ नोव्हेंबर १९७८ ला मसुदा दहा लाखांहून अधिक मतांनी पडला. मिल्कच्या हातात त्यानंतर वीस दिवस होते.

खून कोणी केला आणि का?

डॅन व्हाइटने. आधी त्याचं आणि मिल्कचं बरं चाललं होतं. व्हाइटच्या विभागात मानसिक उपचारांची गरज असलेल्या तरुणांसाठी केंद्र होणार होतं आणि त्याला ते नको होतं. मिल्क आपल्या बाजूने मत देईल असं त्याने धरलं होतं. मिल्कने केंद्राच्या बाजूने मत दिलं. तेव्हापासून व्हाइट अढी धरून बसला.

दुसरं कारण पैशाचं. सुपरवायझरचं मानधन तुटपुंजं, अग्निशमन दलाची नोकरी सोडावी लागलेली, घरात लहान मूल. १० नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. काही दिवसांत पाठीराख्यांनी समजावल्यावर तो जागा परत मागायला गेला. मॉस्कोनी आधी अनुकूल होते, मग त्यांनी दुसऱ्याला नेमायचं ठरवलं. मिल्कनेही त्यासाठी आग्रह धरला होता. २७ नोव्हेंबरला नव्या सदस्याची घोषणा व्हायची होती. त्या सकाळी व्हाइट पिस्तूल घेऊन सिटी हॉलच्या तळघराच्या खिडकीतून आत शिरला, कारण दारावर धातुशोधक यंत्र होतं. महापौरांना त्यांच्या दालनात गोळ्या घातल्या, पिस्तूल पुन्हा भरलं, मिल्कला आपल्या जुन्या खोलीत बोलावलं आणि त्यालाही मारलं.

शहर आधीच सुन्न होतं. सॅन फ्रान्सिस्कोतून गयानाला गेलेल्या जिम जोन्सच्या पंथातल्या नऊशेहून अधिक लोकांचा १८ नोव्हेंबरला जोन्सटाउनमध्ये मृत्यू झाला होता. त्याला दहा दिवसही उलटले नव्हते.

दोन खून करून एवढीच शिक्षा कशी?

पाहणाऱ्या प्रत्येकाचा संताप इथे उफाळून येतो. २१ मे १९७९ ला ज्यूरीने व्हाइटला खुनासाठी नव्हे, सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. शिक्षा सात वर्षं आठ महिने.

बचाव पक्षाने ‘मनोवस्था ढासळली होती’ असा युक्तिवाद केला. तो खचला होता, व्यायाम सोडून गोडधोड आणि पाकिटातले पदार्थ खात होता, हे त्या खचण्याचं लक्षण म्हणून मांडलं गेलं. ट्विंकी हा तिथला पाकिटातला गोड केक; वर्तमानपत्रांनी या युक्तिवादाला ‘ट्विंकी बचाव’ असं नाव दिलं आणि केक खाल्ल्यामुळे खून झाला असा दावा होता, असा समज पसरला. तसा दावा कुणीच केला नव्हता. पण मला ज्यूरीची निवड जास्त बोचते: बचाव पक्षाने समलिंगी व्यक्तींना बाहेर ठेवलं आणि सरकारी वकिलांनी खटला राजकारणापासून दूर ठेवला, त्यामुळे समलिंगींबद्दलचा द्वेष हा मुद्दाच न्यायालयात आला नाही. माहितीपटात व्हाइटचा ध्वनिमुद्रित कबुलीजबाब ऐकू येतो. तो रडतो आहे. तो ऐकून ज्यूरीतले लोक आरोपीसाठी हळहळले.

निकालाच्या रात्री जमाव सिटी हॉलवर चालून गेला, काचा फुटल्या, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. मग पोलिसांनी कॅस्ट्रोतल्या एका बारमध्ये घुसून लोकांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी मिल्कचा वाढदिवस होता. त्याच कॅस्ट्रो स्ट्रीटवर हजारो लोक जमले आणि तो दिवस शांततेत साजरा झाला. कॅलिफोर्नियाने पुढे कायद्यातली ही बचावाची वाट बंद केली. व्हाइट १९८४ मध्ये सुटला आणि १९८५ मध्ये त्याने आत्महत्या केली.

माहितीपट कोणी बनवला? पुरस्कार कोणते?

दिग्दर्शक रॉब एपस्टाइन, निर्माते रिचर्ड श्मिकेन. निवेदन नट-नाटककार हार्वे फायरस्टाइन यांच्या खरखरीत आवाजात, संगीत मार्क आयशम यांचं. एपस्टाइन मुळात ब्रिग्जच्या मसुद्यावर चित्रण करायच्या तयारीत होते. खुनांनंतर विषय बदलला. १९८४ मध्ये माहितीपट आला आणि १९८५ च्या सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. एड्समुळे श्मिकेन १९९३ मध्ये गेले.

त्यात बोलतं कोण? नेते, तज्ज्ञ?

नाही, आणि त्यातच त्याची ताकद आहे. मोजकीच माणसं कॅमेऱ्यासमोर बसतात आणि बोलतात. मिल्कची प्रचारप्रमुख ॲन क्रोनेनबर्ग. शिक्षक टॉम अमियानो. चिनी वंशाच्या नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारे हेन्री डेर. टीव्हीची पत्रकार जीनीन योमन्स. सॅली गिअरहार्ट. राजकीय कार्यकर्ते टोरी हार्टमन आणि बिल क्राउस.

आणि जिम एलियट. हा यंत्र-कामगारांच्या संघटनेतला माणूस. राकट, पोट सुटलेला, समलिंगींबद्दल आपण काय बोलायचो हे तो काही न झाकता सांगतो. संघटनेने मिल्कला पाठिंबा दिल्याचं कळल्यावर तो वैतागला होता: आता घरी जाऊन सोबत्यांना काय सांगू? मग त्याने मिल्कला काम करताना पाहिलं. आपण बदललो, असं तो भाषणाच्या थाटात बोलत नाही; बोलता बोलता ते दिसून येतं. मला विचाराल तर पूर्ण माहितीपट या एका माणसाच्या चेहऱ्यावर उभा आहे. मिल्कच्या राजकारणाचा पुरावा तोच आहे.

खुनाच्या रात्री कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत हजारो लोक मेणबत्त्या घेऊन चालत गेले. त्या दृश्याच्या वेळी हीच माणसं बोलत असतात, आणि तोवर आपण त्यांना ओळखू लागलेलो असतो.

काय सुटलं आहे?

मिल्कचं खासगी आयुष्य जवळजवळ नाही. त्याच्या जोडीदारांची दुःखं, त्याचा तापट स्वभाव, घरातली ओढाताण यांना फारशी जागा नाही. जिम जोन्सच्या पंथाचा पाठिंबा त्या काळी शहरातल्या अनेक पुढाऱ्यांनी घेतला होता. मिल्कही त्यांत होता. हेही माहितीपट बाजूला ठेवतो. खुनाला सहाच वर्षं झाली होती, जखम ओली होती, हे समजतं. पण मिल्क समजून घ्यायचा तर या गोष्टी माहीत हव्यात. त्याने तो लहान होत नाही.

मिल्कवरचा २००८ चा ‘मिल्क’ हा चित्रपट आधी पाहावा की हा?

हा आधी. शॉन पेनचा अभिनय उत्तम आहे, त्याला ऑस्करही मिळाला, पण तो पाहिल्यावर खरा मिल्क डोळ्यांसमोर यायला वेळ लागतो. माहितीपट आधी पाहिला तर दोन्ही लाभतात.

मुलांसोबत पाहता येईल का?

आठवी-नववीपासून पुढे, जरूर. नग्नता नाही. दंगल आणि स्ट्रेचरवरून नेले जाणारे मृतदेह आहेत, आणि काही हेटाळणीचे शब्द. सोबत बसा, म्हणजे प्रश्न लगेच विचारता येतील.

यात आपल्याला काय घेण्यासारखं आहे? आपला कायदा वेगळा, समाज वेगळा.

कायद्याचं पाहा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये काढली आणि ते विधेयक सिनेटमध्ये तारून नेणारे होते जॉर्ज मॉस्कोनी, जे पुढे मिल्कच्या आधी काही मिनिटं मारले गेले. आपल्याकडे कलम ३७७ चा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाचा हक्क देण्यास त्याच न्यायालयाने नकार देऊन प्रश्न संसदेवर सोपवला. म्हणजे पुढची वाट निवडणुकीतून जाते, आणि नेमकी तीच वाट आपल्याकडे फारशी कुणी चाललेलं नाही.

तृतीयपंथी उमेदवारांनी मात्र ती चालून दाखवली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या उमेदवाराचा महिला गटातला अर्ज आधी फेटाळला गेला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. समलिंगी आणि तृतीयपंथी यांचे प्रश्न एकच नाहीत. पण गावाने ओळखीच्या माणसाला मत दिलं, हे मिल्कने सांगितलेल्या सूत्राच्या फार जवळचं आहे.

आपला खून होईल हे मिल्कला माहीत होतं का?

त्याला धमक्या येत होत्या आणि तो त्या खऱ्या मानायचा. निवडून आल्यानंतर लगेचच, नोव्हेंबर १९७७ मध्ये, त्याने एक ध्वनिफीत मुद्रित करून ठेवली: माझा खून झाला तरच ऐकावी. आपल्या मेंदूत गोळी शिरली तर तिने लपून राहायला लावणारं प्रत्येक दार फोडावं, हे त्याचं गाजलेलं वाक्य त्यातलंच. तो आवाज माहितीपटात ऐकू येतो. पण त्याच फितीत राजकारणी मिल्कही आहे: आपल्या जागी कोण चालेल आणि कोण चालणार नाही, याची नावं त्याने घेतली आहेत.

मग ती जागा कोणाला मिळाली?

फितीत पसंती दिलेल्या हॅरी ब्रिट यांना. त्यांना नेमलं डायन फाइनस्टाइन यांनी. खुनांची बातमी पत्रकारांना सांगणाऱ्या, थिजलेल्या चेहऱ्याच्या बोर्डाच्या अध्यक्षा त्याच. त्या महापौर झाल्या आणि पुढे अनेक वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये होत्या. शिक्षक टॉम अमियानोही नंतर सुपरवायझर झाले आणि मग राज्याच्या विधिमंडळात गेले.

आणि ज्या विभागवार पद्धतीमुळे मिल्क निवडून आला ती १९८० मध्ये मतदारांनीच रद्द केली. सॅन फ्रान्सिस्कोत ती परत यायला २००० साल उजाडावं लागलं.